कणांच्या सांध्यातील थेंब (लेखांक सहावा)

उघड्या हवेत तरंगणाऱ्या थेंबाचे आयुष्य त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे व्यास निम्मा असला की आयुष्य चौथाईवर येते, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले; परंतु तोच थेंब दोन घन कणांच्या बेचक्यात सापडला म्हणजे त्याच्यावर निराळ्याच नियमांचा अंमल सुरू होतो, आणि ते नियम पाहावयाचे तर वर्ध्यालगतच्या मौजे सावंगी (मेघे) येथील काळ्या जमिनीत वाफसा येण्याची वाट पाहावी.

पाऊस ओसरून मोठ्या पोकळ्यांतील पाणी निथळले, की उरलेले पाणी कण जेथे एकमेकांस टेकतात तेथे बारीक कड्याच्या रूपाने टिकून राहते. या कड्याचे पृष्ठ आत वळलेले असते. पृष्ठताणामुळे त्याच्या आतील दाब बाहेरच्या हवेहून कमी राहतो, आणि वक्रता जितकी तीव्र तितकी ही तूट, म्हणजेच शोषण, अधिक. एक मायक्रॉन त्रिज्येच्या अर्धगोल पृष्ठाखाली ती सुमारे १.४ वातावरण भरते. एक दशांश मिलिमीटर व्यासाचे वाळूचे दोन गोल कण अशा पाण्याने जोडले गेले, तर त्यांना धरून ठेवणारी ओढ एका कणाच्या वजनाच्या हजारपटीहून अधिक असते. नवलाची गोष्ट अशी, की पाणी उडून कडे लहान होत जाते तसे त्याचे क्षेत्र घटते, पण शोषण वाढते, आणि ही घटवाढ एकमेकींची भरपाई करीत असल्यामुळे गोल कणांमधील ओढ बराच काळ जवळजवळ कायम राहते. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइटचे कण मात्र चपटे. त्यांच्यामधील शोषण वाढेल तशी पापुद्र्यांची जवळीक वाढते, जमीन आकसते, आणि उन्हाळ्यात सावंगीच्या शिवारात हात आत जाईल अशा भेगा पडतात.

आता बाष्पीभवनाच्या वेगाविषयी. कणांमधील थेंबाची केवळ अरुंद कडा हवेला उघडी असते, आणि तेथून निघालेल्या वाफेला आधीच दमट असलेल्या वाकड्यातिकड्या वाटांनी बाहेर पडावे लागते. विलंबाचे मुख्य कारण हेच. अंतर्वक्र पृष्ठावर संपृक्त बाष्पदाब कमी असतो, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७१ साली दाखविले, परंतु एक मायक्रॉन त्रिज्येला हा फरक जेमतेम हजारात एक असल्यामुळे त्याचे माहात्म्य उगाच वाढवू नये. दीड नॅनोमीटरच्या सुमारास मात्र त्याचीच हुकमत चालते: हवेतील आर्द्रता निम्मी असली तरी अशा फटीतले पाणी उडत नाही. ते पिकाच्या मात्र कामाचे नाही, कारण एक दशांश मायक्रॉनच्या सुमारास शोषण १४-१५ वातावरणांवर पोहोचते आणि तेथेच बहुतेक पिकांची मुळे हरतात.

मे महिन्यातील एखादे ढेकूळ हातोडीने फोडून पाहावे. जाता जाता पाण्याने विरघळलेला चुना आणि अतिसूक्ष्म गाळ सांध्यांतच सोडलेला असतो. ओल गेली तरी सांधा पक्का राहतो, आणि ढेकूळ बोटांनी फुटत नाही ते यामुळे.

एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपल्याकडे म्हणतात. वऱ्हाड-वर्ध्याकडे हेच काम डवऱ्याने होते. खालच्या थरातील ओल या सांध्यासांध्यांतून वर चढून उन्हाच्या स्वाधीन होत असते. डवऱ्याची पास वरचे दोन-तीन इंच मोकळे करते तेव्हा हे सांधे तुटतात, भेगांची तोंडे बुजतात, आणि पुढे वाफेला सैल, कोरड्या मातीच्या थरातून हळूहळू झिरपत जाण्यावाचून मार्ग उरत नाही. ही जुनी वहिवाट भौतिकशास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून ज्या वाचकांच्या सातबाऱ्यावर काळी जमीन आहे, त्यांना विनंती एवढीच, की चिखलात डवरा घालून ढेकळे करू नयेत, आणि वाफसा आला की एक दिवसही दवडू नये.