श्रद्धेची बोली (भाग ७) : रिंगणात चालतं, ओसरीवर अडतं

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी सराटीला नीरा ओलांडून अकलूजला येते आणि तिथं सोलापूर जिल्ह्याची हद्द सुरू होते. पादुकांना नीरास्नान घडतं, मग माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण. अश्व दौडून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. शिक्षक असो, व्यापारी असो की साखर कारखान्यातला कामगार, चारचौघांत देवाचं नाव घ्यायला इथं कुणी लाजत नाही. मग याच मुलखात येशूचा विषय निघाला की ओसरीवरची मंडळी लगेच पाऊसपाण्यावर का घसरतात?

असा संकोच इंग्लंडमध्येही दिसतो, पण त्याचं कारण वेगळं. तिथं श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी बाब. २००३ मध्ये एका मुलाखतीत पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना धर्माबद्दल विचारलं, तेव्हा त्यांचे प्रसिद्धिप्रमुख अॅलिस्टर कॅम्पबेल यांनी मध्येच तोडून सांगितलं की देवाचा विषय आमच्याकडे नसतो. ब्लेअर उघडपणे कॅथलिक झाले ते पद सोडल्यावर, २००७ च्या डिसेंबरात. उलट अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७६ च्या निवडणुकीत आपल्याला ख्रिस्तात नवा जन्म मिळाल्याचं खुशाल सांगितलं आणि निवडूनही आले.

महाराष्ट्रात १८१३ पासून काम करणारं अमेरिकन मराठी मिशन याच बोलक्या परंपरेतलं. न्यू इंग्लंडच्या जुन्या चर्चमध्ये सभासद व्हायचं तर देवानं आपल्याला कसं बदललं, हे मंडळीपुढं सांगावं लागे. ती सवय घेऊन मिशनरी बाजारात उभे राहिले. लोक जमत, वाद घालत आणि आपापल्या वाटेनं जात.

मराठी ख्रिस्ती मंडळींनी यावर घरचाच उपाय काढला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडं कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन हाती घेतलं. पेटी, झांजा, तबला सगळं ओळखीचं. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. फक्त ध्रुव-प्रल्हादाच्या जागी बायबलमधल्या उधळ्या पुत्राची गोष्ट. समोर बसलेल्याला कुणी ‘तू मानतोस का?’ असं थेट विचारत नाही. त्यानं मान डोलवावी, टाळी द्यावी, किंवा नुसतं ऐकून घरी जावं.

हा मार्ग सर्वांत खोलवर ओळखला तो कवी ना. वा. टिळकांनी. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. तुकारामांचे अभंग गायला कुणाची हरकत नव्हती. अडलं ते १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात, नातेवाइकांकडं. पुढं त्या नवऱ्याकडं परतल्या, तरी स्वयंपाक, पाणी वेगळं. दोघांचं प्रेम तुटलं नव्हतं आणि देवावरून वादही नव्हता. आड येत होतं ते सोवळं. जात माणसानं केली, देवानं नव्हे, हे मनाशी पटल्यावर लक्ष्मीबाईंनी आधी ते सोडलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हा क्रम चांगलाच लक्षात राहतो.

म्हणजे इथं अडचण देवाबद्दल बोलण्याची नाही. बोलणारा उद्या पंगतीत कुठं बसणार, लग्न कुठं जुळवणार, कुळाचार कोण चालवणार, ही धास्ती त्या बोलण्यामागं उभी असते. टिळकांना हे पुरतं कळलं होतं. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ ला ते गेले आणि प्रयोग बाळसं धरण्याआधीच थंडावला.

अडचण बोलण्याची नव्हे, बोलणाऱ्याची, हे शंभर वर्षांनंतरही दिसलं. सोलापूरशेजारच्या धाराशिवला जानेवारी २०२० मध्ये ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. त्यांच्या निवडीला विरोध झाला, तो त्यांच्या मराठीला नव्हता. ते धर्मगुरू आहेत, याला होता.

पुढच्या आठवड्यात : केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, तेव्हा पंडिता रमाबाईंनी त्यांना गप्प का केलं नाही?