पाडकामाआधीचा प्रकाश

1893 च्या सप्टेंबर महिन्यात शिकागो येथे भरलेल्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी पाश्चात्त्य श्रोत्यांना जैन दर्शनाची ओळख करून दिली, ही कथा जैन घरांतून आजही सांगितली जाते. परिषद ज्या वास्तूत भरली ती आज ‘आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो’ या कलासंग्रहालयाची इमारत आहे. भारतातून गेलेले प्रवासी तिच्या पायऱ्यांवर, ब्राँझच्या दोन सिंहांपाशी उभे राहून आवर्जून छायाचित्र काढून घेतात. संग्रहालयाच्या पूर्वेकडील भागातील एका प्रशस्त दालनापर्यंत मात्र थोडेच पोहोचतात.

ते दालन मुळात तेथले नाहीच. डँकमार ॲडलर आणि लुई सलिव्हन या जोडीने उभारलेल्या व 1894 मध्ये खुल्या झालेल्या शेअर बाजाराच्या इमारतीतील ते व्यापारगृह होय. इमारत 1972 साली पाडली गेली. दालनाचे भाग सोडवून आणण्यात आले आणि 1977 साली ते येथे पुन्हा जुळविले गेले. भिंतींवरील वेलबुट्टीची रंगीत नक्षी आणि छतातील काचकाम पाहताना एखाद्या जुन्या मंदिराचा सभामंडप आठवावा, इतकी त्यात समृद्धी आहे. हे सारे वाचविण्याच्या कामी एका छायाचित्रकाराचा प्राण गेला.

रिचर्ड निकेल यांचा जन्म 1928 चा, शिकागोतलाच. तेथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन’मध्ये छायाचित्रण शिकत असताना अध्यापक आरन सिस्किंड यांनी विद्यार्थ्यांना सलिव्हन यांच्या इमारतींची छायाचित्रे घेण्याचा उपक्रम दिला. इतरांचा उपक्रम यथाकाल संपला. निकेल यांचा जन्मभर चालला. पोलादी सांगाड्यावरील उंच इमारतीला स्वतःचे असे रूप कसे द्यावे, याचा विचार करणाऱ्या आद्य वास्तुरचनाकारांपैकी सलिव्हन हे एक. रूपाने कार्याला अनुसरावे, हे आधुनिकतावाद्यांचे सूत्र त्यांच्याच लेखनातून आलेले. आणि 1950 नंतर नव्या, आधुनिक शहराच्या नावाखाली प्रथम पडू लागल्या त्या त्यांच्याच इमारती! 1961 साली त्यांचे गॅरिक थिएटर पाडले गेले व त्या जागी वाहनतळ झाला. निकेल हाती फलक घेऊन रस्त्यावर निदर्शनाला उभे राहिले. त्याचा उपयोग होत नाही असे दिसले, तेव्हा कॅमेऱ्यासोबत हातोडी आणि छिन्नीही नेऊ लागले. आधी छायाचित्र, मग जमेल तेवढी नक्षी उतरवून घेणे, असा त्यांचा क्रम होता.

13 एप्रिल 1972 रोजी ते अर्धवट पाडलेल्या शेअर बाजाराच्या इमारतीत एकटेच गेले. आतील भाग कोसळला. त्यांचा देह सुमारे चार आठवड्यांनी ढिगाऱ्यात सापडला. वय 43, विवाह ठरलेला होता. त्यांच्या निष्ठेचा गौरव पुढे पुष्कळ झाला आणि तो योग्यच आहे. परंतु पडत्या इमारतीत एकट्याने शिरणे शहाणपणाचे नव्हते, हेही म्हटलेच पाहिजे.

इमारतीचे छायाचित्र घेणे हे काम वरवर पाहता सोपे वाटते. इमारत हलत नाही, डोळे मिटत नाही, कंटाळत नाही. अडचण प्रकाशाची असते. शिकागोचे रस्ते दिशांना धरून, काटकोनात आखलेले आहेत. त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ऊन पडते ते केवळ उन्हाळ्यात, भल्या सकाळी किंवा सायंकाळी, आणि तेही तिरपे. ती वेळ चुकली तर पुन्हा एक वर्ष थांबावे लागते. तोवर इमारत उभी असेल तर! दुसरी अडचण उंचीची. कॅमेरा वर रोखला की उभ्या रेषा वरच्या टोकाशी एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. म्हणून जाणते छायाचित्रकार कॅमेरा समपातळीत ठेवून केवळ भिंग वर सरकवतात. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यांत ही सोय असे. आजही त्यासाठी खास भिंगे मिळतात.

लुडविग मीस व्हान डेर रोह यांनी सरोवराकाठी उभारलेले काळ्या पोलादाचे व काचेचे दोन मनोरे 1951 सालचे. अलंकरणाला तेथे थारा नाही. दर्शनी भागावर ओळीने बसविलेल्या पोलादी पट्ट्या तेवढ्या आहेत. समोरून ऊन असेल तर त्या पट्ट्या दिसेनाशा होतात आणि इमारत वहीच्या चौकटीच्या कागदासारखी सपाट भासते. ऊन बाजूने आले की प्रत्येक पट्टीची सावली पडते आणि सारी रचना एकाएकी उलगडते. काचेचे तर निराळेच. काचेच्या इमारतीचे छायाचित्र पुष्कळदा तिच्यात उमटलेल्या आकाशाचे आणि समोरच्या इमारतीचेच असते. सूर्यास्तानंतर काही मिनिटे आतले दिवे आणि बाहेरचे आकाश सारख्याच तेजाचे होतात; तेवढ्यात काम उरकावे लागते. बर्ट्रांड गोल्डबर्ग यांच्या ‘मरिना सिटी’चे 65 मजली दोन गोल मनोरे त्या मानाने उदार. त्यांच्या अर्धवर्तुळाकार सज्ज्यांवर कोणत्याही प्रहरी कोठेतरी छायाप्रकाश खेळतच असतो. त्यांचे खालचे 19 मजले केवळ मोटारींसाठी आहेत, हे छायाचित्र पाहूनच पटते.

कायदा या बाबतीत छायाचित्रकाराच्या बाजूने आहे. अमेरिकेत 1990 साली वास्तुरचनेला स्वामित्वहक्क मिळाला, तरी सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या इमारतीचे छायाचित्र घेण्यास व ते प्रसिद्ध करण्यास मोकळीक ठेवली गेली. मौज अशी की, इमारतीसमोरच्या शिल्पाला ही सवलत लागू नाही.

इमारतीच्या रक्षणाचा कायदा मात्र वयावर अडतो. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदणीसाठी सामान्यतः 50 वर्षे पूर्ण व्हावी लागतात, अपवाद विरळा. आधुनिक इमारतींचे छप्पर गळू लागते, वाहिन्या जुन्या होतात, देखभालीचा खर्च डोईजड होतो तो बहुधा तिशी-चाळिशीत. आजीच्या दागिन्यांना मान असतो, आईची चाळीस वर्षांपूर्वीची साडी मात्र जुनाट ठरते. त्यातलाच हा प्रकार. गोल्डबर्ग यांचेच ‘प्रेंटिस’ स्त्री-रुग्णालय, चार पाकळ्यांच्या फुलासारखा लंबगोल खिडक्यांचा काँक्रीटचा मनोरा, 1975 साली सुरू झाले. नोव्हेंबर 2012 मध्ये नगराच्या वारसा आयोगाने त्याला प्राथमिक संरक्षण दिले आणि त्याच दिवशी, त्याच बैठकीत, ते काढूनही घेतले. पुढच्या वर्षी पाडकाम सुरू झाले. नव्या संशोधन-रुग्णालयासाठी जागा हवी होती, हे कारण क्षुल्लक नव्हते. निर्णयाची घाई मात्र अनेकांना खटकली.

उत्तर-आधुनिक इमारतींपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो तो रंगाचा. 1933 पासून अमेरिकेत ऐतिहासिक इमारतींची सरकारी चित्रनोंद होत आली आहे. तिची मुख्य छायाचित्रे मोठ्या फिल्मवर आणि कृष्णधवल घेतली जातात, कारण ती दीर्घकाळ टिकतात. सलिव्हन यांच्या नक्षीला छायाप्रकाश पुरतो. परंतु मीस यांच्या काळ्या चौकटींना कंटाळून पुढच्या पिढीने जाणूनबुजून जे रंग उधळले, ते करड्या छटांत कसे उतरावेत? हेल्मुट यान यांनी 1985 साली राज्य शासनासाठी बांधलेले 17 मजली ‘थॉम्प्सन सेंटर’ हे त्याचे ठळक उदाहरण. फिकट निळी आणि केशरट गुलाबी तावदाने, मधोमध छतापर्यंत मोकळा गेलेला वर्तुळाकार चौक, काचेच्या लिफ्ट. शासन सर्वांना खुले आणि पारदर्शी असावे, असा त्यामागचा विचार होता. उन्हाळ्यात आतले कर्मचारी उकडून निघत आणि हिवाळ्यात गारठत, कारण एकेरी काच ऊन वा थंडी अडवीत नव्हती. कोणी या इमारतीला डोक्यावर घेतले, कोणी नाके मुरडली. चौकात मात्र कोणीही जाऊ शके. तेथे उपाहारगृहे होती, रेल्वेचे स्थानकही होते. वर पाहत उभे राहणाऱ्या छायाचित्रकाराला हटकण्याचे कारण सहसा नसे.

2022 साली ही इमारत घेण्याचा मनोदय ‘गूगल’ने जाहीर केला. ती पाडली जाणार नाही, ही समाधानाची गोष्ट. परंतु जुनी तावदाने उतरवून तेथे तापमान राखणारी, स्वच्छ पारदर्शक काच बसविण्याचे ठरले. आत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. निळ्या-गुलाबी काचेतून चौकाच्या फरशीवर पडणारे ऊन मात्र त्याआधी ज्यांनी रंगीत छायाचित्रांत टिपले, त्यांच्याच संग्रहात आता पाहावयास मिळेल.