स्वभावविशेषणांचे समानार्थित्व : प्राथमिक स्तरावरील एक विचार

प्राथमिक शाळेतील मराठीच्या अध्यापनात ‘समानार्थी शब्द’ हा घटक बहुधा जोड्यांच्या रूपाने येतो. ‘पाणी–जल’ यांसारख्या नामांच्या बाबतीत ही पद्धती बरीचशी निभावते. तेथील भेद प्रामुख्याने भाषिक स्तराचा असतो. स्वभावदर्शक विशेषणांत मात्र वर्णनाबरोबर मूल्यनिर्णयही अनुस्यूत असतो.

‘काटकसरी’, ‘चिक्कू’ आणि ‘कृपण’ हे तिन्ही शब्द कमी खर्च करणाऱ्यास लावले जातात. परंतु पहिल्यात गौरव आहे, दुसऱ्यात बोलीतील टवाळी, तर तिसऱ्यात ग्रांथिक वळणाचे दूषण. फारसीतून आलेला ‘हुशार’ आणि संस्कृत ‘चतुर’ परस्परांच्या जवळचे आहेत. ‘शहाणा’ मात्र स्वराघात बदलताच उपहास सुचवितो. ‘भोळा’ विश्वास टाकतो म्हणून फसतो. ‘बावळटा’ला मुळात उमजतच नाही. शिवाय ‘भोळा–भोळी–भोळे’ असा लिंगवचनानुसार विकार होतो, ‘हुशार’ अविकारी राहतो.

‘आई काटकसरी आहे’ या वाक्यात ‘चिक्कू’ हा शब्द योजल्यास व्याकरण निर्दोष राहते, पण आईचा उपमर्द होतो. केवळ जोडी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक उमगत नाही. म्हणून वाक्य तेच ठेवून विशेषण बदलावे आणि ‘हे ऐकून त्या व्यक्तीला काय वाटेल?’ असे विचारावे. चौथीच्या मुलालाही याचे उत्तर देता येते. अर्थच्छटांचे हेच भान पुढे व्यक्तिचित्रांच्या आस्वादाचा पाया ठरते.