सुईवरून निसटलेला टाका

घाटंजी हा कापसाचा तालुका. डिसेंबरात इथेही रात्री चांगल्याच गारठतात, म्हणून पायमोजे विणायला घ्यायची हीच वेळ.

मोजा गोल विणायचा तर दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुया लागतात. चार सुयांवर टाके, पाचवी विणायला. कुकरची शिट्टी झाली, पोराने हाक मारली, हातातलं ठेवून उठलं की एखादी सुई हमखास निसटते. स्टीलच्या गुळगुळीत सुईवर घर्षण कमी असतं; बांबूची सुई धागा धरून ठेवते. सतत उठबस असलेल्या घरात मी बांबूचीच सुचवेन.

एक टाका सुटला की त्याखालचेही उसवत जातात, कारण प्रत्येक फास वरच्या फासानेच अडकवलेला असतो. क्रोशाच्या सुईने तो एकेक ओळ वर ओढून घेता येतो. घाबरून सगळं उसवू नये.

लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी, ताणला तरी पुन्हा आखडतो. सुताला ती लवचीकता नाही, म्हणून सुती मोज्याच्या काठाला दोन सुलट, दोन उलट टाके घालावेत. इजिप्तमध्ये सापडलेले 11 ते 14व्या शतकांतले कित्येक विणलेले मोजेही निळ्या-पांढऱ्या सुताचेच आहेत.