एक व्हायोलिन, तीन गज

आयरिश धून, जॅझ आणि ख्याल, तिन्ही वाजवायचं ठरवलेल्या व्हायोलिनवादकाचा रियाज बराचसा उजव्या हाताचा असतो. सूर शोधायचं काम डाव्या हाताला तिन्हीकडे आहेच. पण धून कुठली, हे कळतं गजावरून.

सुरुवात आयरिश ‘रील’ने करावी. ही नाचाची धून. दोन भाग, प्रत्येक आठ बारचा आणि दोनदा वाजवायचा, की बत्तीस बारची एक फेरी झाली. बारमध्ये आठ जलद सूर. प्रत्येकाला वेगळा गज दिला तर शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतं. म्हणून मात्रेचा शेवटचा सूर पुढच्या मात्रेच्या पहिल्या सुराला एकाच गजात जोडून पाहावा. वजन सरकतं आणि धून नाचू लागते. मग ‘रोल’: मूळ सूर, वरचा, मूळ, खालचा, पुन्हा मूळ. आपल्या कानाला ही मुरकी वाटते, पण इथे वरचा-खालचा सूर स्पष्ट लागला तर रोल बिघडला. बोटाची नुसती टिचकी हवी.

जॅझकडे वळताना मेट्रोनोम साठवर ठेवून त्याचा ठोका ‘दोन’ आणि ‘चार’ समजायचा. लय होते एकशेवीस. तालावर वाढलेल्या कानाला हे जड जातं, ठोका ऐकला की तो तिथेच सम धरतो. म्हणून आधी तोंडाने मोजावं. त्यानंतर बारा बारचा ब्लूज, जी स्वरात. पहिल्या जी-सेव्हन कॉर्डचे फक्त बी आणि एफ वाजवायचे. सी-सेव्हन आला की दोन्ही सूर अर्ध्या स्वराने खाली येतात: बी-फ्लॅट आणि ई. एवढ्या दोन सुरांत कॉर्ड बदलल्याचं कळतं. गज हलका कसा असावा, हे व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीकडून ऐकावं. गिटारवादक जँगो राइनहार्टबरोबर १९३४ साली पॅरिसमध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या पंचकात ड्रम नव्हतेच. ठेका गिटार आणि बासवर चाले.

राग मी शेवटी ठेवीन. जमिनीवर बसायचं, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवायचं, तारा षड्ज-पंचमात लावायच्या. सारख्या पिळलेल्या तारा सुरात टिकत नाहीत, म्हणून जमल्यास दुसरं वाद्य ठेवलेलं बरं. वाद्य पेलायची जबाबदारी गेल्यामुळे डावा हात मोकळा होतो आणि यमनातल्या गंधारावरून तीव्र मध्यमावर एकाच बोटाने घसरता येतं. गज लांब, आणि तो परतल्याचं ऐकणाऱ्याला कळता कामा नये. पं. डी. के. दातारांचं गायकी अंगाचं वादन यासाठी पुन्हापुन्हा ऐकावं.

वेळ कमी असेल त्या दिवशी सा-रे-ग-प एवढेच चार सूर, षड्ज डी धरून, आधी रीलच्या गजाने, मग जॅझच्या स्विंगमध्ये, मग रागाच्या मींडेने. गाडी बहुधा अडते ती स्विंगमधून मींडेत येताना: बोट घसरू लागतं, पण गज अजून ठोकाच देत असतो. अशा वेळी मेट्रोनोम बंद करून तंबोरा लावावा.