छाटणीची तारीख आणि बदलते हवामान

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हवामान बदल जाणवतो तो पावसाच्या सरासरीत नव्हे, छाटणीच्या तारखेत. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. परतीचा पाऊस लांबला की कोवळ्या फुटीवर डावण्या रोग येतो, फुलोऱ्यातल्या बागेत घडकूज आणि मणीगळ होते. काढणीच्या तोंडावर अवकाळी आला तर साखर भरलेले मणी तडकतात. म्हणून अनेक जण सगळी बाग एकदम न छाटता टप्प्याटप्प्याने छाटतात. बागलाणात तर फळछाटणी पावसाळ्यातच उरकून आगाप माल घेण्याची जोखीम पत्करली जाते. निफाडकडे पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि ठिबक सुरू होते, कारण विहिरीचे पाणी तेव्हा हवेपेक्षा उबदार असते.  पावसाने ओल वाढली की फवारण्याही वाढतात, आणि निर्यातीत रसायनांच्या अंशाची मर्यादा कडक असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशापायी भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. प्लास्टिक आच्छादनाने पाऊस अडतो, फवारण्याही घटतात. पण त्याचा एकरी खर्च लाखांत जातो, आणि लहान बागायतदाराला तो अनुदानाशिवाय झेपत नाही.