‘आधीं लायक व्हा’ म्हणणाऱ्यांचा न्याय

दुर्बलांनीं आपला हक्क मागितला, कीं प्रबलांचें उत्तर ठरलेलें असतें: ‘आधीं लायक व्हा, मग पाहूं.’ या उत्तरांत प्रामाणिकपणा किती असतो, हें ज्यांस पहावयाचें असेल त्यांनीं अमेरिकेंतील चेरोकी लोकांचा इतिहास अवश्य वाचावा.

जॉर्जिया, टेनेसी, आलाबामा व नॉर्थ कॅरोलिना या संस्थानांच्या डोंगराळ भागांत चेरोकींची वडिलोपार्जित भूमि होती. १७९१ च्या होल्स्टन येथील तहानें अमेरिकन सरकारनें त्या भूमीची हमी दिली, आणि या लोकांनीं शिकार सोडून शेती पत्करावी म्हणून अवजारें देण्याचेंहि कबूल केलें. चेरोकींनीं तो उपदेश आचरणांत आणिला. घरोघर नांगर व चरखे आले, शाळा निघाल्या. सिक्वोया नांवाच्या, इंग्रजी वाचतां न येणाऱ्या कारागिरानें १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठीं ऐंशींहून अधिक अक्षरांची लिपी सिद्ध केली. १८२७ सालीं लेखी राज्यघटना झाली. १८२८ सालीं न्यू इकोटा येथून ‘चेरोकी फीनिक्स’ हें द्वैभाषिक वृत्तपत्र निघूं लागलें.

ही सुधारणा निर्दोष होती असें मात्र नव्हे. ज्या समाजांत कुळ आईवरून मोजीत व स्त्रियांच्या शब्दास वजन असे, त्याच समाजाच्या नव्या घटनेनें मताधिकार पुरुषांपुरताच ठेविला. १८३५ च्या गणतींत सुमारें साडेसोळा हजार चेरोकींबरोबर जवळजवळ १६०० आफ्रिकन गुलामहि मोजले गेले. परंतु हे दोष शेजारच्या गोऱ्यांचेहि होते; त्यांवरून चेरोकींस नालायक ठरविण्यास त्यांस तोंड नव्हतें.

मग लायकी दाखविल्यावर हक्क मिळाला काय? उलट, जॉर्जियानें चेरोकींचे कायदे रद्द ठरविले, गोऱ्यांविरुद्ध त्यांची साक्ष अग्राह्य केली, आणि सोनें सांपडलेली त्यांची जमीन १८३२ सालीं सोडतीनें वांटून टाकली. १८३० सालीं अध्यक्ष जॅक्सन यांच्या पुरस्कारानें स्थलांतराचा कायदा झाला. प्रतिनिधिगृहांत तो अवघ्या पांच मतांनीं तरला. १८३२ सालीं मुख्य न्यायाधीश मार्शल यांनीं चेरोकींच्या मुलखांत जॉर्जियाचा कायदा चालणार नाहीं, असा निर्णय दिला. जॉर्जियानें तो मानिला नाहीं, व अध्यक्षांनीं तो मानावयास लाविलें नाहीं.

अखेरीस १८३५ सालीं मूठभर मंडळींच्या सह्यांनीं जमीन सोडण्याचा तह झाला. मुख्य नायक जॉन रॉस यांची त्यास संमति नव्हती. हजारों नांवांचा निषेध-अर्ज काँग्रेसकडे गेला. तरीहि सिनेटनें जेमतेम गरजेपुरत्या मतांनीं तो तह मंजूर केला. १८३८ सालीं सैनिकांनीं माणसें घरांतून ओढून छावण्यांत कोंडलीं व पश्चिमेस, आजच्या ओक्लाहोमाकडे, हांकलिलीं. सुमारें सोळा हजारांपैकीं चार हजार तरी दगावले असा अंदाज आहे.

याचें कारण उघड आहे. रानांत भटकणाऱ्या माणसाची जमीन स्वस्तांत मिळते; शेत, शाळा, घटना व छापखाना असलेला माणूस ती सहजासहजीं सोडीत नाहीं. म्हणून चेरोकी जसजसे सुधारले, तसतसे ते डोळ्यांत अधिक सलूं लागले. ज्याचा डोळा आपल्या घरावर आहे, त्याच्याच हातीं लायकीची परीक्षा असेल, तर त्या परीक्षेंत कोणीहि उत्तीर्ण व्हावयाचा नाहीं.